जुने मेंटेनन्स फिटर चार महिन्यांनी निवृत्त होत आहेत. त्यांच्याकडचं ज्ञान कंपनीत कसं टिकवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भोसरीतला प्रेस शॉप (प्रेस मशीनवर पत्र्याचे भाग दाबून काढणारा कारखाना), दीडशेच्या आसपास माणसं. मेंटेनन्समध्ये ३० वर्षं काढलेले फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, चार महिन्यांनी निवृत्त होणार. एचआरने त्यांना कोरी वही देऊन ‘तुम्हाला जे जे माहीत आहे ते लिहून काढा’ असं सांगितलं आणि महिन्याभरात जेमतेम चार पानं भरली. आता काय करायचं?

पहिल्यांदा ती वही परत घ्या. मामा टाळाटाळ करतायत म्हणून चारच पानं झाली, असं मनात आणू नका. जो माणूस नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलंय हे ओळखतो, त्याला आपण आवाज ऐकतोय हेसुद्धा वेगळं जाणवत नसतं. त्याला कोऱ्या कागदासमोर बसवलं की आठवतं ते मॅन्युअलमधलंच: ऑइल लेव्हल बघा, ग्रीस मारा, बोल्ट तपासा. त्याच्याकडचं खरं ज्ञान बाहेर येतं ते मशीन बिघडलेलं असताना, नाहीतर दुसरं कुणी चुकीच्या जागी पाना लावतं तेव्हा. ‘अरे थांब, तिथे नको!’ असं मामा ओरडतात, नेमका तो क्षण तुम्हाला पकडायचा आहे. चार महिन्यांत असे क्षण जास्तीत जास्त कसे येतील एवढंच बघायचं. आणि लिहायचं काम मामांचं नाही, शिकणाऱ्याचं.

चार महिने ऐकायला बरे वाटतात. साप्ताहिक सुट्ट्या, सणवार आणि मामांची शिल्लक रजा वजा केली तर हातात नव्वदच्या आत-बाहेर दिवस राहतात. त्यामुळे काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे पहिल्याच आठवड्यात ठरवा. गेल्या दोन-तीन वर्षांचं ब्रेकडाउन रजिस्टर काढा आणि सेकंड, थर्ड शिफ्टच्या सुपरवायझरांना एकच गोष्ट विचारा: मामांना घरी फोन कधी कधी करावा लागला? रजिस्टरमध्ये बिघाड सापडेल, पण तो मामांशिवाय सुटला नव्हता हे फोनवरूनच कळेल. मग तीन ढीग करा. मॅन्युअलमध्ये असलेलं बाजूला. दुसऱ्या कुणाला तरी नीट येतं तेही बाजूला. उरेल ते फक्त मामांचं. तुमच्याएवढ्या कारखान्यात ही यादी पंधरा-वीस कामांच्या पुढे सहसा जात नाही. यादी साठवर गेली तर निवड कमी कडक झाली असं समजा.

यादीत दोन गोष्टी हटकून राहून जातात. एक, मशीनबाहेरची माहिती. मोटर रिवाइंडिंगला कुणाकडे टाकली की टिकते, बंद पडलेल्या कंपनीच्या प्रेसचं सील कोण टर्न करून देतो, जुन्या कपाटातला कोणता स्पेअर कोणत्या मशीनचा. हे फोन नंबर मामांच्या खिशातल्या डायरीत असतात. ती डायरी त्यांच्याच हातात ठेवून, त्यांच्या परवानगीने, शेजारी बसून उतरवून घ्या. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची: ड्रॉइंग न बदलता केलेले बदल. लिमिट स्विच (मशीनचा भाग ठरलेल्या जागी आला की दाबला जाणारा) मिळत नव्हता म्हणून वेगळ्या जातीचा बसवला, रिले बदलला, वायर दुसऱ्या टर्मिनलवर नेली, पण पॅनेलमधला वायरिंग डायग्राम १५ वर्षांपूर्वीचाच राहिला. नवा इलेक्ट्रिशियन त्या कागदावर विश्वास ठेवून काम करणार आणि फसणार. एका गुरुवारी, शॉप बंद असताना, मामा, इलेक्ट्रिशियन आणि डायग्रामची झेरॉक्स अशी बैठक प्रत्येक पॅनेलसमोर लावा. जे वेगळं आहे तिथे लाल पेन. एका दिवसात चार-पाच पॅनेल होतात. बाकी काहीच जमलं नाही तरी हे कराच.

आता माहिती काढायची कशी. ‘तुम्ही हे कसं करता?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘अहो, त्यात काय, उघडायचं, बघायचं, बसवायचं.’ घडलेल्या एका बिघाडावरून सुरुवात करा. प्रेस सात मागच्या पावसाळ्यात बंद पडला होता तेव्हा पहिली नजर कुठे गेली? काय बघून वाटलं की हे इलेक्ट्रिकल नाही? अजून काय असू शकलं असतं, आणि ते का सोडून दिलं? नव्या पोराने या जागी काय केलं असतं? शेवटचा प्रश्न सोन्यासारखा आहे. आपलं कौशल्य सांगायला संकोच करणारा माणूस दुसऱ्याची संभाव्य चूक मात्र बारकाईने सांगतो, आणि त्या सांगण्यातच कौशल्य येतं. बसायचं मशीनशेजारी, पाऊण तासाच्या वर नाही, आठवड्यातून दोन वेळा. विचारणारा एचआरचा नको, ज्याला हे काम पुढे करायचंय तोच हवा. ऐकलेलं त्याच दिवशी लिहायचं. दोन दिवसांनी फक्त वाक्यं आठवतात, क्रम जातो.

व्हिडिओ काढा, पण प्रेस शॉपच्या आवाजात बोललेलं काही ऐकू येत नाही, त्यामुळे आधी नुसते हात दिसतील असा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या आणि मग केबिनमध्ये तो मामांना दाखवत त्यावर त्यांचा आवाज रेकॉर्ड करा. स्वतःचे हात बघताना माणूस जास्त बोलतो. चाळीस मिनिटांचा सलग व्हिडिओ पुन्हा कुणी बघत नाही.

लिहिण्याचा साचा नवा शोधायची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि ज्यांनी कधी मशीन बघितलं नव्हतं अशांना झटपट तयार करावं लागलं, तेव्हा तिथे कामगार-प्रशिक्षणाचा एक कार्यक्रम उभा राहिला. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि टोयोटासारख्या कंपन्यांत रुजला. त्यातली कामाची पट्टी तीन रकान्यांची असते: टप्पा, त्यातली मेख आणि कारण. मेख म्हणजे जिथे काम बनतं किंवा बिघडतं, जिथे इजा होऊ शकते, किंवा ज्या युक्तीने काम सोपं होतं. या तिन्हींत न बसणारं वाक्य खोडायचं. बहुतेक कंपन्यांच्या एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) फक्त पहिला रकाना असतो, म्हणून त्या वाचून काम येत नाही.

एक पट्टी उदाहरणादाखल सांगतो. हवेच्या दाबावर चालणाऱ्या क्लच-ब्रेकचा मेकॅनिकल प्रेस, तक्रार: स्लाइड (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) वरच्या टोकाला न थांबता पुढे जाऊन थांबते.

पहिला टप्पा, उत्पादन बंद. मेख: ‘लॉट संपेपर्यंत चालवू’ चालणार नाही. कारण: लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) किंवा दोन हातांची बटणं डायपासून, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या साच्यापासून, किती लांब लावायची ते प्रेस किती वेळात थांबतो यावरून ठरतं. त्या हिशोबात हाताचा वेग सेकंदाला निदान १.६ मीटर धरतात. थांबायला ०.१ सेकंद जास्त लागला की हात १६० मिमी जास्त आत पोहोचतो, म्हणजे कर्टन चालू असूनही ऑपरेटर सुरक्षित नसतो.

दुसरा टप्पा, मोटर बंद, स्लाइडखाली सेफ्टी ब्लॉक, हवेचा कॉक बंद, लाइनमधली हवा सोडलेली, कुलूप लावून किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. मेख: फ्लायव्हील (प्रेसचं जड चाक) पूर्ण थांबल्याचं डोळ्यांनी बघायचं. कारण: मोटर बंद केल्यावरही ते बराच वेळ फिरत राहतं आणि तेवढी ताकद स्लाइड खाली आणायला पुरते.

तिसऱ्या टप्प्यात मामांची ३० वर्षं आहेत. ब्रेकच्या लायनिंगला (घासून थांबवणाऱ्या अस्तराला) हात लावण्याआधी व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टचा सायलेन्सर काढून बघायचा. मेख: तो तेलाने आणि धुळीने चोंदला असेल तर नवा लावायचा आणि थांबण्याचा वेळ पुन्हा मोजायचा. कारण: या प्रेसमध्ये हवा क्लच धरते आणि ब्रेक सोडते, हवा बाहेर गेली की स्प्रिंग ब्रेक लावतात. हवा सावकाश बाहेर पडली तर ब्रेक उशिरा लागतो आणि लायनिंग शाबूत असूनही ते झिजल्यासारखं वाटतं. लायनिंग बदलायला आख्खी शिफ्ट जाते, सायलेन्सरला दहा मिनिटं. त्यानंतर व्हॉल्व्ह अडकतोय का, लायनिंगवर तेल आलंय का, त्याची जाडी, आणि शेवटी तुटलेली स्प्रिंग, या क्रमाने. स्प्रिंग दाबाखाली असतात, म्हणून बोल्ट एकाच बाजूने पूर्ण सोडायचे नाहीत, समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत जायचं.

एवढी पट्टी ए-फोरच्या एका पानावर बसते. यादीतल्या प्रत्येक कामाची अशी एक. वर मशीन नंबर, मग भाग, मग लक्षण, याच क्रमाने नाव द्या. रात्री तीन वाजता शोधणाऱ्याला लक्षण दिसत असतं, कारण माहीत नसतं, त्यामुळे ‘सायलेन्सर बदलणे’ या नावाची फाइल त्याला सापडणार नाही. ‘प्रेस ७, स्लाइड, पुढे जाऊन थांबते’ ही सापडेल. पट्टी लॅमिनेट करून पॅनेलच्या दाराच्या आतल्या कप्प्यात ठेवा आणि एक प्रत मेंटेनन्सच्या टेबलावर. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठेवू नका. ग्रुप त्या क्षणी मदत मागायला उत्तम आहे, पण तिथे टाकलेलं चार दिवसांत शुभेच्छांखाली गाडलं जातं आणि माणसाचा फोन बदलला की फोटोही जातात. दर शनिवारी कुणीतरी एकाने ग्रुपवरचं कामाचं तेवढं रजिस्टरात उतरवायचं, आणि तो ‘कुणीतरी’ कोण हे नावानिशी ठरवायचं.

पट्टीखाली तीन नावं हवीत: सांगितलं कुणी, लिहिलं कुणी, करून तपासलं कुणी. झेरॉक्स कंपनीने १९९० च्या दशकात आपल्या कॉपियर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांच्या युक्त्या एकत्र ठेवायची युरेका नावाची व्यवस्था उभी केली, ती आधी फ्रान्समध्ये चालली आणि मग बाकी देशांत पसरली. त्यात एका तंत्रज्ञाने दिलेली युक्ती दुसरे अनुभवी तंत्रज्ञ तपासायचे आणि ती देणाऱ्याच्या नावासकट सगळ्यांना दिसायची. नाव दिसलं की माणूस जपून लिहितो आणि वाचणाराही विश्वास ठेवतो. मामांचं नाव कंपनीच्या मशीनवर राहणार आहे हे त्यांना आधीच सांगा.

आता हातबदल. पहिले तीन आठवडे मामा काम करतात आणि शिकणारा शेजारी उभा राहून लिहितो. चौथ्यापासून शिकणारा करतो, मोठ्याने बोलत: आता हे उघडतोय, कारण हे. मामा बघतात. इथे सगळ्यात अवघड जातं ते मामांना हात आवरणं. उत्पादन अडलेलं, साहेब मागे उभे, पोरगा चाचपडतोय, आणि मामा ‘सर बाजूला’ म्हणून पाच मिनिटांत काम उरकतात. सगळे खूश, आणि शिकणं शून्य. म्हणून प्रॉडक्शन मॅनेजरला आधीच पटवून ठेवा की या काळात प्रत्येक ब्रेकडाउनला अर्धा तास जास्त लागेल आणि त्याचा जाब मेंटेनन्सला विचारला जाणार नाही. तसं लेखी घ्या. मामांनी मध्ये पडायचं ते फक्त कुणाला इजा होण्याची किंवा मशीन मोडण्याची शक्यता असेल तर.

ब्रेकडाउन काही आपल्या वेळापत्रकाने येत नाहीत. यादीतलं एखादं काम चार महिन्यांत घडणारच नाही. अशांसाठी गुरुवारी खोटा बिघाड लावा: मशीन बंद आणि कुलूपबंद असताना मामांनी चोंदलेला सायलेन्सर बसवायचा, एखादा स्विच सरकवायचा, आणि शिकणाऱ्याने मामा शॉपमध्ये असताना शोधून काढायचं. सेफ्टीच्या सर्किटला मात्र खोट्या बिघाडासाठीही हात लावायचा नाही.

आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा उपाय: तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला मामांना सलग दोन आठवडे रजेवर पाठवा. फोन फक्त अर्धा तास स्वतः झटल्यावर, आणि प्रत्येक फोनची नोंद. त्या पंधरवड्यात जे अडेल ती तुमची खरी यादी, आणि ती भरून काढायला अजून सहा आठवडे शिल्लक असतात. निवृत्तीनंतर कळलं असतं ते आधीच कळतं. शिल्लक रजेचे पैसे घेऊ म्हणून मामा रजा घ्यायला तयार नसतील तर कंपनीने ते पंधरा दिवस भरपगारी वेगळे द्यावेत. एका मोठ्या ब्रेकडाउनपेक्षा ते स्वस्तच पडतात.

मामा मनापासून देतील का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण सगळं त्यावर अडतं. हातचं राखून ठेवणाऱ्याला आपण पटकन स्वार्थी म्हणतो. त्यांच्या बाजूने बघा. ३० वर्षं याच ज्ञानामुळे त्यांना मान होता, रात्री गाडी घरी यायची, ओव्हरटाइम मिळायचा. आता तेच एका डिप्लोमावाल्या पोराला द्या म्हणतायत, जो वर्षभरात चाकणला निघून जाईल. यातला प्रत्येक मुद्दा वेगळा सोडवावा लागतो. ब्रेकडाउनला जाणं बंद झालं की ओव्हरटाइम बुडतो, म्हणून मागच्या सहा महिन्यांची सरासरी काढून तेवढी रक्कम शेवटच्या चार महिन्यांत चालू ठेवा. त्यांना प्रशिक्षक म्हणून लेखी पत्र द्या, मालकांच्या सहीचं. एक गोष्ट अजिबात करू नका: ‘सगळं शिकवलंत की हिशोब करू’ असा सूर. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यावीच लागते, उशीर केला तर व्याज लागतं, आणि ती शिकवण्याशी जोडता येत नाही. तसा नुसता वास जरी आला तरी मामांचं तोंड बंद होईल, आणि ते योग्यच असेल.

शिकणारे दोन हवेत. एक आयटीआय झालेला, आठ-दहा वर्षं तुमच्याकडेच असलेला, आसपास घर असलेला फिटर, आणि दुसरा तरुण, ज्याला लिहिता-वाचता येतं आणि पीएलसी (मशीनचं काम नियंत्रित करणारा छोटा संगणक) कळतो. एकावर सगळं ठेवलं तर तुम्ही दुसरा मामा तयार केलात, प्रश्न तोच राहिला. त्या दोघांनाही यातून काय मिळणार हे आधी सांगा. ज्याला प्रेसचे बिघाड एकट्याने काढता येतात त्याला चार पैसे जास्त देऊन उचलायला शेजारचे प्लॉटवाले टपलेलेच असतात. अमुक कामं एकट्याने करून मामांची सही मिळाली की अमुक ग्रेड, अमुक तारखेपासून, असं कागदावर द्या. स्किल मॅट्रिक्स (कुणाला कोणतं काम किती येतं याचा तक्ता) असेल तर चार पायऱ्या पुरतात: बघितलंय, देखरेखीखाली करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवतो. मामा जातील त्या दिवशी यादीतल्या प्रत्येक कामापुढे दोघंही निदान तिसऱ्या पायरीवर हवेत. चौथी पायरी एकाला तरी यावी.

कागदावरचं कारणही कधी कधी अपुरं असतं. अमेरिकेत अण्वस्त्रांत वापरायचा फॉगबँक नावाचा एक पदार्थ १९७५ ते १९८९ या काळात बनवला गेला. पुढे तो कारखाना मोडला, जाणकार निवृत्त झाले, नोंदी तोकड्या होत्या. तो पुन्हा बनवायची वेळ आली तेव्हा जमेना. वर्षं गेली आणि कोट्यवधी डॉलर गेले. शेवटी लक्षात आलं की जुन्या कच्च्या मालात एक अशुद्ध घटक असायचा, तो चांगल्या गुणासाठी आवश्यक होता, आणि नव्या प्रक्रियेत तो स्वच्छ होऊन निघून जात होता. ज्यांनी तो पदार्थ वर्षानुवर्षं बनवला त्यांनाही हे माहीत नव्हतं. तुमच्या शॉपपुरतं यातून घ्यायचं ते एवढंच: पट्टीत ऑइलचा ब्रँड आणि ग्रेड, लायनिंगचा सप्लायर, साफ करायला वापरतात ते रसायन, सगळं जसं आहे तसं नोंदवा, कारण माहीत असो वा नसो. आणि मामा गेल्यावर पहिले सहा महिने परचेसवाल्यांना यातलं काही बदलू देऊ नका. बदलायचंच असेल तर एका वेळी एक, म्हणजे बिघडलं तर कशामुळे ते कळेल.

निवृत्तीनंतर करारावर बोलवायचा विचार तुमच्या मनात असेलच. बोलवा, पण आठवड्यातून दोन दिवस, सहा महिन्यांसाठी, आणि ब्रेकडाउनसाठी नाही. मामांना पुन्हा शिफ्टला लावलंत की ते दोघं पोरगे पुन्हा हात मागे बांधून उभे राहतील. त्या दोन दिवसांत त्यांनी पट्ट्या वाचाव्यात, पोरांनी केलेल्या कामाची तपासणी करावी, लाल पेनाने दुरुस्त्या कराव्यात. बाकीच्या दिवशी फोन करायची वेळ आली तर प्रत्येक फोनचे ठरलेले पैसे मामांना द्या आणि तो फोन कशासाठी झाला ते रजिस्टरात लिहा. त्यातल्या प्रत्येक नोंदीची आठवड्याच्या आत नवी पट्टी झाली पाहिजे. झाली की नाही हे मेंटेनन्स मॅनेजरने दर महिन्याला स्वतः बघायचं.